निकालानंतर उरणारी नोंद

पोलिस भरतीत मैदानी चाचणी झाली, लेखी परीक्षा झाली, यादीत नाव लागले, आणि मग हातात साक्षांकन नमुना येतो. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर फौजदारी खटला दाखल झाला होता का, न्यायालयाने कधी शिक्षा किंवा दंड केला होता का, असे प्रश्न त्यात असतात. हे प्रश्न आजपुरते नसतात, मागच्या साऱ्या आयुष्याचे असतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जत्रेतल्या मारामारीत गावातल्या दहा-बारा पोरांबरोबर ज्याचे नाव एफआयआरमध्ये घातले गेले आणि तीन-चार वर्षे तारखा करून जो निर्दोष सुटला, तो इथे थबकतो. न्यायालयाने सोडले म्हणजे ते सगळे पुसले गेले, असे त्याला घरच्यांनी, कधी कधी वकिलांनीही सांगितलेले असते. तो ‘नाही’ असे लिहितो. त्याची खरी अडचण त्या ‘नाही’पासून सुरू होते.

सज्ञान माणसाची जुनी गुन्हेगारी नोंद ठरावीक काळानंतर पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. किरकोळ ते मध्यम शिक्षा भोगून झाल्यावर माणूस ठरावीक वर्षे सरळ वागला की ती शिक्षा संपुष्टात आली असे धरले जाते आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जांत ती सांगावी लागत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायालयात अर्ज करून जुनी नोंद नष्ट करून घेता येते किंवा मोहोरबंद करता येते. मोहोरबंद केलेली नोंद शिल्लक असते, पण घरमालकाला आणि मालकवर्गाला ती दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली पुढचे पाऊल टाकले आणि पात्र असलेल्या किरकोळ नोंदी अर्जाशिवाय, आपोआप मोहोरबंद करण्याचा कायदा केला. आपल्याकडे यातले काही नाही. इथे खटल्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बाहेर पडण्याच्या वाटा आहेत, आणि माणूस जितक्या आधीच्या टप्प्यावर बाहेर पडतो तितकी मागे राहणारी खूण फिकट असते. हे वेळेवर कोणी सांगत नाही म्हणून अनेकांचे नुकसान होते. त्यासाठीच हा लेख.

आधी नोंद म्हणजे काय ते नीट पाहू, कारण ती एका जागी नसते. पोलिस ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरमध्ये ती असते. तिथून ती सीसीटीएनएस या देशभरच्या संगणक जाळ्यात जाते, आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी पोलिस बहुधा तिथेच नाव शोधतात. अटक झाली असेल तर बोटांचे ठसे आणि छायाचित्र वेगळे जपलेले असते. न्यायालयाच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि तारखा असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर दाखल झाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते लगेच कळावे, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण शेजाऱ्यालाही ते तितक्याच लगेच कळते. शिवाय वर्तमानपत्रातली बातमी असतेच. एका न्यायालयाचा एक आदेश या सगळ्या जागी एकाच वेळी पोहोचत नाही.

अदखलपात्र तक्रार, म्हणजे लोक जिला ‘एनसी’ म्हणतात ती, एफआयआर नसते. शिवीगाळ झाली, चापट मारली, ‘बघून घेतो’ म्हणाला, अशा तक्रारींची बहुधा एनसी होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस तिचा तपासही करू शकत नाहीत. एनसी झाली म्हणून आपल्यावर गुन्हा दाखल झाला असे समजून घाबरणारी माणसे बरीच असतात, आणि उलट एफआयआर झालेली असताना ‘फक्त एनसी आहे’ असे समजून गाफील राहणारीही. ठाण्यातून प्रत मागून घ्यावी आणि वरचे कलम वाचावे. सगळे त्यावर ठरते.

एफआयआर झाली तरी पहिली वाट तपासातच असते. आरोपपत्र दाखल करण्याजोगे काही हाती लागले नाही तर पोलिस दंडाधिकाऱ्यापुढे अंतिम अहवाल ठेवतात. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी, आकसाने केलेली. ‘क’ समरी म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही, ती गैरसमजातून झाली किंवा वाद मुळात दिवाणी होता. फिर्यादीला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून दंडाधिकारी अहवाल मान्य करतो. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने या तिन्हींत मोठा फरक आहे. ‘ब’ समरीची नक्कल कोणत्याही नोकरीच्या ठिकाणी मान वर करून दाखवता येते. ‘अ’ समरीत संशय तसाच लोंबकळत राहू शकतो. म्हणून ‘केस बंद झाली’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या अक्षराखाली बंद झाली ते पाहावे आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची नक्कल त्याच महिन्यात काढून ठेवावी.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची, आणि आपल्याकडे नोंद साफ करण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी तीच आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ हे वकिलांच्या तोंडी बसलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच आता कलम ५२८ आहे. न्यायप्रक्रियेचा गैरवापर थांबवण्यासाठी उच्च न्यायालयाला जे अंगभूत अधिकार आहेत, ते वापरून एफआयआर आणि त्यापुढचा खटला रद्दबातल करता येतो. कधी करता येतो, याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हरियाणाचे माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या प्रकरणात आखून दिली. त्या निकालात सात प्रकारची उदाहरणे दिली आहेत आणि आजही प्रत्येक अर्ज त्यांच्यावर घासून पाहिला जातो. फिर्यादीतला शब्दन् शब्द खरा मानला तरी गुन्हाच होत नाही, आरोप इतके असंभवनीय आहेत की शहाणा माणूस विश्वास ठेवणार नाही, किंवा सूड उगवण्यासाठीच फिर्याद केलेली आहे, ही त्यांतली नेहमी लागणारी तीन. उच्च न्यायालय या टप्प्यावर पुरावा तोलत बसत नाही. ‘मी तिथे नव्हतोच’ हा बचाव कितीही खरा असला तरी तो बहुधा खटल्यातच सिद्ध करावा लागतो.

मात्र रोजच्या कामकाजात सगळ्यात जास्त वापर होतो तो संमतीने रद्द करण्याचा. भाऊबंदकी, शेजाऱ्यांची भांडणे, धनादेशाचे आणि भागीदारीचे वाद, आणि मुख्य म्हणजे नवरा-बायकोचे खटले. विवाहितेच्या छळाचे जुने कलम ४९८-अ, आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम ८५, हे खालच्या न्यायालयात तडजोडीने मिटवता येत नाही. दोघांचा घटस्फोट झाला, पोटगीचे ठरले, दागिने परत गेले, तरी सासू-सासऱ्यांसकट सगळे आरोपीच राहतात. अशा वेळी दोन्ही पक्ष उच्च न्यायालयात जातात. फिर्यादी ना-हरकतीचे प्रतिज्ञापत्र देते, ती ते आपखुशीने देते आहे याची न्यायाधीश खात्री करून घेतात आणि खटला रद्द होतो. २०१२ साली ग्यान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर शिक्कामोर्तब केले आणि त्याची हद्दही घातली. खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालची प्रकरणे पक्षकारांनी मिटवली म्हणून मिटत नाहीत, कारण त्यांत जखम फक्त फिर्यादीला झालेली नसते. २०२१ मध्ये रामगोपाल प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. गुन्हा गंभीर नसेल आणि वाद खाजगी स्वरूपाचा असेल, तर खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यानंतरही उच्च न्यायालय तडजोड मान्य करून कारवाई रद्द करू शकते, असे त्यात म्हटले आहे. झालेली शिक्षा मुळापासून नाहीशी करणारी अशी वाट आपल्याकडे दुर्मीळच, म्हणून ती माहीत असायला हवी.

मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची खेप वाचली. शिराळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या माणसाला ज्या अर्जासाठी मुंबई गाठून वकील गाठावा लागत होता, तो आता एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात आला आहे. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा खर्च हाच या वाटेवरचा मोठा अडसर आहे, आणि अंतर कमी होणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. जी कलमे कायद्याने तडजोडयोग्य ठरवली आहेत, ती त्याच न्यायालयात किंवा लोक अदालतीत मिटतात आणि त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. आंदोलनांतले खटले सरकार मागे घेते, पण ते मंत्र्याच्या घोषणेने मागे जात नाहीत. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असा २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. मोर्चात पकडले गेलेल्या पोरांनी ‘सरकारने केसेस मागे घेतल्या’ ही बातमी वाचून निश्चिंत होऊ नये. आपल्या खटल्यात तसा आदेश झाला का, ते न्यायालयात जाऊन पाहावे. आरोपपत्रात दम नसेल तर आरोप निश्चित होण्याआधी डिस्चार्जचा, म्हणजे आरोपमुक्तीचा, अर्ज करता येतो, आणि तो अर्ज करण्याचा कंटाळा पुढे फार महाग पडतो.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायलाच हवे. लहानसहान खटल्यांत, म्हणजे जुगाराच्या अड्ड्यावर सापडणे, सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, किरकोळ मारहाण, यांत कोर्टाच्या बाहेर सर्रास सल्ला मिळतो की गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. पाचशे-हजार रुपयांत काम होते, तारखा वाचतात, दिवसाची मजुरी बुडत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हे पटते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते. तो दंड म्हणजे शिक्षा असते. कबुलीवर झालेल्या शिक्षेत दोषसिद्धीविरुद्ध अपीलही करता येत नाही, फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदा एवढाच वाद राहतो. याच खटल्यात जो चार वर्षे लढला तो निर्दोष सुटण्याची शक्यता होती. जो पहिल्या दिवशी दंड भरून घरी गेला, त्याच्या नावापुढे शिक्षा लागली. कबुलीची सही घेण्याआधी हा परिणाम आरोपीला त्याच्या भाषेत समजावून सांगणे दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हजार रुपयांच्या दंडाची किंमत पुढे एखाद्याची सरकारी नोकरी असू शकते.

शिक्षा टळणार नसेल तर निदान १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम वापरावा. या कायद्याखाली न्यायालय तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर त्याला तुरुंगात का पाठवायचे याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागतात. या कायद्याचे कलम १२ आपल्या विषयासाठी मोलाचे आहे. परिवीक्षेवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी नोकराने केलेल्या वर्तनाबद्दल खात्याने कारवाई करायला हे कलम आड येत नाही, हे न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. तरीही शिक्षा झालेला माणूस आणि परिवीक्षेवर सुटलेला माणूस यांच्या पुढच्या आयुष्यात मोठे अंतर पडते. हा कायदा लागू करा अशी विनंती शिक्षेच्या दिवशी वकिलाने करायची असते. ती विनंती न करताच शिक्षेची तारीख उरकली, असे फार वेळा होते.

आता साक्षांकन नमुन्यातल्या त्या ‘नाही’कडे येऊ. निर्दोष सुटल्यावरही ‘नाही’ लिहिणे चूक, कारण प्रश्न शिक्षेपुरता नसून अटकेचा आणि खटल्याचाही आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने अवतार सिंग प्रकरणात यावरचे सगळे जुने निकाल एकत्र पाहून तत्त्वे ठरवली. माहिती खरी द्यावी, हे पहिले. कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब लपवली गेली असेल तर मालकाने ती माफ करावी, हे दुसरे. आणि खरे सांगितले, निर्दोष सुटला, तरी उमेदवाराचे पूर्वचरित्र तपासण्याचा मालकाचा अधिकार उरतोच, नेमणूक दिलीच पाहिजे असे त्याच्यावर बंधन नाही. हे शेवटचे वाक्य फार लोकांना भोवले आहे. पोलिस दलासारख्या शिस्तीच्या नोकरीत तर ‘सन्माननीय मुक्तता’ झाली की ‘संशयाचा फायदा’ मिळाला, हे निकालपत्र उघडून पाहिले जाते. साक्षीदार उलटले म्हणून सुटका झाली असेल तर ती पुरेशी मानली जात नाही. तडजोडीने सुटलेल्या एका उमेदवाराला मध्य प्रदेशाने पोलिस सेवेत घेतले नाही. त्याने अर्जात प्रलंबित खटल्याची माहिती प्रामाणिकपणे दिलेली होती. तरी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचाच निर्णय कायम ठेवला. दुसऱ्या बाजूला, २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की माहिती दिली नाही एवढ्याच कारणावर मन मानेल तसे काढून टाकता येत नाही. गुन्ह्याचे स्वरूप, वय, निकाल, सगळे पाहावे लागते.

म्हणून खटला चालू असतानाच वकिलाला सांगावे की मला नुसती सुटका नको, आरोप खोटे ठरल्याचा निष्कर्ष निकालपत्रात हवा. युक्तिवाद त्या दिशेने करता येतो.

पारपत्राचा नियम यापेक्षा मवाळ आहे. १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर ती अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेली असली तरच आड येते. खटला प्रलंबित असेल तर १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी आणून पारपत्र मिळवता येते. इथे कायद्याने काळाची मर्यादा घातली आहे, आणि त्यामुळे काही बिघडलेले नाही.

नोंद खरोखर विसरायला लावणारा कायदा आपल्याकडे फक्त मुलांसाठी आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात नव्या सुरुवातीचे तत्त्वच लिहून ठेवले आहे. कलम २४ म्हणते की विधिसंघर्षग्रस्त बालकाला दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येणार नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट कराव्यात असा आदेश बाल न्याय मंडळाने द्यावा. २०१६ च्या नियमांनी त्यासाठी सात वर्षांची कमाल मुदत घातली. सोळा ते अठरा वयातल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यासाठी सज्ञानाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांना मात्र हे संरक्षण नाही. कलम ७४ पोलिसांना सांगते की निकाली निघालेल्या प्रकरणातल्या मुलाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा उघड करू नये. पंधराव्या वर्षी मंडळापुढे गेलेल्या मुलाला पंचविसाव्या वर्षी ठाण्यातून ‘नोंद आहे’ असा शेरा मिळाला, तर तो शेराच बेकायदा आहे. त्याने तो निमूटपणे घेऊन परत येऊ नये. पोलिस अधीक्षकांकडे लेखी हरकत घ्यावी आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात जावे. आईबापांनी प्रकरण मिटल्याच्या दिवशीच मंडळाकडून नोंदी नष्ट करण्याचा आदेश मागावा.

महाराष्ट्रात हा विषय आणखी एका कारणाने जिव्हारी लागतो. इथे काही समाजांच्या वाट्याला नोंद गुन्ह्याआधी, जन्माबरोबर आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या लोकांची नावे रजिस्टरात चढली, हजेऱ्या लागल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणात सेटलमेंट वसवली गेली. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला, आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे. त्यात जातीचे नाव नाही, तरी ठाण्यातला संशय जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा हे जगणे मराठी वाचकांना आतून दिसले. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी चोरी झाली की पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही.

दोन ताजे निकाल या बाबतीत महत्त्वाचे आहेत. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटचे, म्हणजे पोलिस ठाण्यात सराईत म्हणून ठेवलेल्या नोंदीचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा न्यायालयाने साऱ्या राज्यांना सांगितले की मागास समाजातल्या लोकांची नावे अशा नोंदवहीत यांत्रिकपणे घालू नयेत, आणि घरातल्या अल्पवयीन मुलांचा तपशील त्यात नसावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवरून कामे वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणारे उल्लेखही काढायला लावले. हे निकाल ठाण्याच्या कपाटापर्यंत पोहोचले का, हे तालुक्याच्या पातळीवर कोणीतरी माहिती अधिकारात विचारत राहायला हवे.

आंतरजालावर उरलेल्या नावाचे काय, याचे उत्तर अजून न्यायालयांतच घडते आहे. २०१७ मध्ये खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरला, आणि विस्मरणाच्या हक्काची भाषा आपल्याकडे रुजू लागली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे भारतीय वंशाचा एक अमेरिकन नागरिक आला. अमली पदार्थांच्या खटल्यात तो दोनदा, खालच्या आणि वरच्या न्यायालयात, निर्दोष ठरला होता. पण नाव शोधले की तो निकालच वर यायचा आणि त्याला नोकरी मिळेना. न्यायालयाने शोधयंत्रांवरून तो निकाल दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयात एका निर्दोष ठरलेल्याला एकलपीठाने २०२१ मध्ये नकार दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये खंडपीठाने निकालातले नाव झाकायला सांगितले, आणि त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालयांचे कामकाज उघड असावे, हा आग्रह मला मोलाचा वाटतो. निकाल लपले तर न्यायाधीशांना जाब कोण विचारणार? पण निकाल उघड ठेवूनही निर्दोष माणसाच्या नावाऐवजी आद्याक्षरे छापता येतात. लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांच्या बाबतीत न्यायालये हे वर्षानुवर्षे करत आली आहेत.

परदेशी असलेल्या मराठी मंडळींसाठी एक इशारा. अमेरिकेत दुकानातली चोरी किंवा दारू पिऊन गाडी चालवणे अशा प्रकरणात राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसून दिली, तरी तिथला स्थलांतर कायदा ते पुसणे सहसा मानत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात पुसलेल्या नोंदीही सांगाव्या लागतात. ‘आता कायद्याने ते घडलेच नाही’ असे सांगणारा तिथला फौजदारी वकील त्याच्या परीने बरोबर असतो, पण ग्रीन कार्डाच्या अर्जाआधी स्थलांतराच्या वकिलाला वेगळे विचारलेच पाहिजे.

आपल्या कायद्याला काळाची मर्यादा घालता येत नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा विधानसभा किंवा लोकसभा लढवू शकतो. ज्याच्यावर फक्त खटला चालू आहे तो तर प्रतिज्ञापत्रात माहिती देऊन आजच उभा राहू शकतो. कायदे करणाऱ्यासाठी सहा वर्षांची मुदत पुरेशी असेल, तर हजार रुपये दंड भरलेल्या शिपाई पदाच्या उमेदवारासाठी काही मुदत का नसावी? किरकोळ गुन्ह्यांना पाच वर्षे, मध्यम गुन्ह्यांना दहा, मुलांशी किंवा असहाय माणसांशी संबंध येणाऱ्या नोकऱ्या वगळून, असा कायदा महाराष्ट्राने आपल्या सरकारी भरतीपुरता तरी करावा. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही, सेवाप्रवेशाचे नियम राज्याच्याच हाती आहेत.

तोवर सुटलेल्या माणसाने स्वतःच आदेश पोहोचवायचा आहे. निकालाच्या सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला काढाव्यात. एक पोलिस ठाण्यात आणि एक अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात अर्जासोबत द्यावी, सीसीटीएनएसमध्ये निकालाची नोंद घ्या असे अर्जात स्पष्ट लिहावे आणि पोच घ्यावी. ठसे आणि मोजमापांसाठी वेगळा अर्ज लागतो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ही माहिती ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली आहे. पण ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला, डिस्चार्ज झाला किंवा सगळी अपिले संपून निर्दोष ठरला, त्याची माहिती नष्ट करावी असेही तोच कायदा सांगतो. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश केला तरच ती राहते. अर्ज राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायचा. त्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक, ठाणे, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख आणि अपील झालेले नाही किंवा फेटाळले गेले याचा दाखला द्यावा.